सामायिक सॉफ्टवेअरचे विश्वस्त कोण?

जर्मनीच्या उत्तर टोकाला, डेन्मार्कच्या सरहद्दीलगत, श्लेस्विग-होल्स्टाइन नावाचे राज्य आहे. एप्रिल २०२४ मध्ये या राज्याच्या शासनाने एक निर्णय जाहीर केला. पत्रव्यवहार, तक्ते आणि टिप्पण्या यांसाठी शासनाच्या सुमारे ३०,००० संगणकांवर वापरण्यात येणारे मायक्रोसॉफ्ट कंपनीचे सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने काढून घ्यावयाचे आणि त्याच्या जागी 'लिब्रेऑफिस' बसवावयाचे, असा तो निर्णय होता. लिब्रेऑफिस विकत घ्यावे लागत नाही. त्याची मूळ आज्ञासंहिता, म्हणजे संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या ओळी, कोणालाही वाचता येते, तपासता येते, सुधारता येते आणि सुधारलेली प्रत दुसऱ्यास देता येते. अशा सॉफ्टवेअरला मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात.

एवढे ऐकल्यावर कोणत्याही अनुभवी कार्यालयप्रमुखाच्या मनात एक शंका येईल, आणि ती अगदी रास्त आहे. जी वस्तू सर्वांची, तिची जबाबदारी कोणाची? उद्या ती बंद पडली तर पत्र कोणाच्या नावे पाठवावयाचे? एखाद्या कंपनीने ती विकत घेऊन उंबरठ्यावर टोलनाका उभारला तर? लिब्रेऑफिसच्या बाबतीत या शंकेला उत्तर आहे, आणि ते बर्लिन शहराच्या दप्तरी नोंदलेले आहे. तथापि हे उत्तर सहजासहजी मिळालेले नाही. त्यामागे दहा वर्षांची एक चूक आणि दीड वर्षाची धडपड आहे. मुक्त स्रोताच्या प्रकल्पाने आपले कायदेशीर घर कसे निवडावे, हा प्रश्न समजून घेण्यास याहून उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल.

नाव कोणाचे?

जर्मनीतील ल्युनेबुर्ग या गावी स्थापन झालेल्या स्टारडिव्हिजन या कंपनीने 'स्टारऑफिस' नावाचे सॉफ्टवेअर तयार केले होते. १९९९ मध्ये अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने स्टारडिव्हिजन विकत घेतली आणि २००० साली स्टारऑफिसची आज्ञासंहिता सर्वांसाठी खुली केली. या खुल्या प्रकल्पाचे नाव 'ओपनऑफिस डॉट ऑर्ग' असे ठेवण्यात आले. पुढील दहा वर्षांत देशोदेशीच्या शेकडो लोकांनी त्यात भर घातली. कोणी दोष दुरुस्त केले, कोणी आपापल्या भाषेत अनुवाद केले, कोणी शाळांत व नगरपालिकांत जाऊन ते शिकविले. प्रकल्प पुढे एका स्वतंत्र प्रतिष्ठानाच्या हाती जाईल, असे आश्वासन आरंभीच देण्यात आले होते. ते कागदावरच राहिले.

या अवधीत कारभार सुरळीत चालला असल्याने कोणाला त्याची निकड भासली नाही. सन कंपनी उदार होती, पगारी माणसे देत होती, संगणक पुरवीत होती. परंतु तीन गोष्टी तिच्या हाती होत्या. 'ओपनऑफिस डॉट ऑर्ग' हे नाव व व्यापारचिन्ह तिचे होते. संकेतस्थळ तिचे होते. आणि ज्यांना आपले काम प्रकल्पात समाविष्ट व्हावे असे वाटे, त्यांना कंपनीशी एक करार करावा लागे. त्या कराराने त्यांच्या लेखनाच्या स्वामित्वहक्कात कंपनीलाही पूर्ण भागीदारी मिळे. हे म्हणजे गावाने वर्गणी काढून वाचनालय बांधावे आणि जागेचा उतारा मात्र एका भल्या गृहस्थाच्या नावे राहू द्यावा, तसे झाले. गृहस्थ भला असतो तोवर काही बिघडत नाही. पण त्याच्यामागून वारस येतात.

येथे वारस आला जानेवारी २०१० मध्ये. ओरॅकल या कंपनीने सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली आणि इतर मालमत्तेबरोबर ओपनऑफिसचे नाव, संकेतस्थळ व स्वामित्वहक्कही तिच्याकडे गेले. स्वयंसेवकांना या व्यवहारात कोणी विचारले नव्हते, आणि कायद्याने विचारण्याचे कारणही नव्हते.

२८ सप्टेंबर २०१० रोजी प्रकल्पातील प्रमुख कार्यकर्त्यांनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' या स्वतंत्र प्रतिष्ठानाची घोषणा केली. ओरॅकललाही त्यात सामील होण्याचे निमंत्रण देण्यात आले आणि ओपनऑफिस हे नाव प्रतिष्ठानास द्यावे अशी विनंती करण्यात आली. उत्तर येईपर्यंत तात्पुरते नाव म्हणून 'लिब्रेऑफिस' हा शब्द योजला गेला. नाव मिळाले नाही. उलट ऑक्टोबरमध्ये जुन्या प्रकल्पाच्या परिषदेतील ज्या सभासदांनी नव्या प्रतिष्ठानात भाग घेतला होता, त्यांनी हितसंबंधांच्या संघर्षामुळे परिषद सोडावी, अशी मागणी कंपनीच्या प्रतिनिधींनी केली. तात्पुरते म्हणून घेतलेले नाव तेव्हापासून कायमचे झाले.

या प्रसंगात एक बारकावा आहे आणि तो प्रत्येक सार्वजनिक कार्यकर्त्याने ध्यानात घेण्यासारखा आहे. मुक्त स्रोत परवान्यामुळे आज्ञासंहितेची प्रत घेऊन वेगळे होण्याचा हक्क कार्यकर्त्यांना होताच. तो कोणी नाकारू शकत नव्हते. परंतु परवाना नावाला लागू होत नाही. बँकेतील शिलकीला लागू होत नाही. लोक ज्या संकेतस्थळावर सवयीने जातात त्या पत्त्यालाही लागू होत नाही. दहा वर्षांत त्या नावाने मिळविलेली पत मागे ठेवून हे लोक बाहेर पडले. परवाना निवडताना मुक्त स्रोताचे कार्यकर्ते महिनोन्महिने वाद घालतात. नाव कोणाच्या मालकीचे असावे यावर मात्र पाच मिनिटेही खर्च करीत नाहीत, असा सर्वत्र अनुभव आहे.

पन्नास हजार युरो, आठ दिवस

घोषणा करणे सोपे होते. पण घोषणेच्या दिवशी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' हे कायद्याच्या दृष्टीने कोणीच नव्हते. त्याच्या नावे बँकेत खाते उघडता येत नव्हते, व्यापारचिन्ह नोंदविता येत नव्हते, करार करता येत नव्हता. अशा वेळी एका जुन्या, साध्या संस्थेचा आधार मिळाला. जर्मनीतील ओपनऑफिसच्या कार्यकर्त्यांची एक नोंदणीकृत संस्था पूर्वीपासून होती; तिने आपले नाव बदलून 'फ्रायेस ऑफिस डॉइचलांड' असे केले आणि प्रतिष्ठान नोंदले जाईपर्यंत देणग्या व मालमत्ता त्याच्या वतीने सांभाळली. लहानशी का होईना, हिशेब नीट ठेवणारी संस्था हाताशी असली की केवढा फरक पडतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

यानंतर घराचा प्रकार ठरवावयाचा होता. जर्मन कायद्यात लोकोपयोगी कामासाठी दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला 'फेराइन' म्हणजे सभासदांचा नोंदणीकृत संघ. त्याच्या नोंदणीस किमान सात सभासद लागतात. (आपल्याकडील १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमातही सात ही संख्या आहे, हा एक योगायोग.) संघ स्थापन करणे स्वस्त व सोपे असते. परंतु संघ सर्वस्वी सभासदांचा असतो. सभेतील तीनचतुर्थांश मतांनी तो विसर्जितही करता येतो. एखाद्या मोठ्या कंपनीने आपली माणसे पुरेशा संख्येने सभासद करून घेतली, तर घटनेतील उदात्त शब्दांचा काय उपयोग?

दुसरा मार्ग 'श्टिफ्टुंग' म्हणजे प्रतिष्ठान. येथे केंद्रस्थानी सभासद नसतात, उद्देश असतो. एका निश्चित उद्देशासाठी मूळ निधी बाजूस काढला जातो, तो अबाधित ठेवावा लागतो, आणि संचालक मंडळाला त्या उद्देशाच्या चौकटीतच काम करावे लागते. उद्देश बदलावयाचा किंवा प्रतिष्ठान मोडावयाचे तर शासकीय पर्यवेक्षण यंत्रणेची संमती लागते. बर्लिनमध्ये हे पर्यवेक्षण नगर-राज्याच्या न्याय विभागाकडे आहे. प्रतिष्ठान उभे करण्यास अर्थातच पैसा व वेळ अधिक लागतो, आणि एकदा लिहिलेली घटना पुढे सहजी बदलता येत नाही. ज्यांना नुकताच एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे नकळत हस्तांतरित होण्याचा अनुभव आला होता, त्यांना हा ताठरपणा दोष वाटला नाही. तोच त्यांना हवा होता.

मूळ निधीसाठी ५०,००० युरो उभे करावयाचे ठरले. फेब्रुवारी २०११ मध्ये जाहीर आवाहन करण्यात आले आणि आठ दिवसांत ती रक्कम जमली. हा पैसा प्रामुख्याने वापरणाऱ्यांच्या छोट्या छोट्या देणग्यांतून आला. त्यानंतर घटनेचा मसुदा, अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार, दुरुस्त्या, पुन्हा पत्रव्यवहार असे करीत आणखी एक वर्ष गेले. फेब्रुवारी २०१२ मध्ये बर्लिनच्या अधिकाऱ्यांनी प्रतिष्ठानास मान्यता दिली. पैसा आठ दिवसांत आणि कागद एका वर्षात, हे प्रमाण शासकीय कामकाजाशी परिचित असलेल्या वाचकांना नवल वाटण्याजोगे नाही.

ही घटना वाचण्याजोगी आहे. प्रतिष्ठानाला कायद्याने सभासद असण्याचे बंधन नसते. मग स्वयंसेवकांचा आवाज कसा टिकवावयाचा? यासाठी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे एक विश्वस्त मंडळ घटनेतच निर्माण करण्यात आले. त्यात कंपनी म्हणून कोणी बसू शकत नाही, फक्त व्यक्ती बसू शकतात. आणि त्यांनी काही काळ काम करून दाखविलेले असावे लागते. हे काम आज्ञासंहिता लिहिण्याचेच असले पाहिजे असे नाही. अनुवाद, चाचणी, मार्गदर्शिका लिहिणे, प्रचार हीदेखील कामेच धरली जातात. ज्या भाषांत लिब्रेऑफिस उपलब्ध आहे, त्यांत मराठी आहे. तेव्हा मराठी अनुवाद करणाऱ्या एखाद्या शिक्षकालाही या मंडळात येण्याचा मार्ग मोकळा आहे. हे मंडळ सात जणांचे संचालक मंडळ निवडते. त्या सातांत एकाच कंपनीची किंवा संस्थेची माणसे दोनापेक्षा अधिक असू शकत नाहीत. निवडून आल्यानंतर कोणी नोकरी बदलली तरी हा नियम लागू राहतो. पैसा देणाऱ्या मोठ्या कंपन्यांसाठी सल्लागार मंडळ निराळे आहे. तेथे त्यांना सल्ला देता येतो, मत देता येत नाही.

आणखी एक निर्णय घेण्यात आला, आणि तो घटनेइतकाच महत्त्वाचा ठरला. योगदान देणाऱ्याने आपला स्वामित्वहक्क कोणालाही लिहून द्यावयाचा नाही. प्रत्येकाचा हक्क प्रत्येकाकडे राहतो आणि सर्वजण एकाच परवान्याखाली ते वापरू देतात. त्यामुळे हजार हातांनी विणलेल्या या वस्त्राचा परवाना बदलावयाचा तर हजार सह्या लागतील. म्हणजे तो बदलणे जवळजवळ अशक्य झाले.

दुसरे घर

इकडे हे चालू असता ओरॅकलने एप्रिल २०११ मध्ये ओपनऑफिसची व्यापारी आवृत्ती थांबवीत असल्याचे जाहीर केले आणि जूनमध्ये आज्ञासंहिता व नाव दोन्ही अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेस दिली. येथे जुन्या कराराचा परिणाम पुन्हा दिसून आला. स्वामित्वहक्कात भागीदारी असल्याने कंपनीला सर्व संहितेचा परवाना एका सहीने बदलून देता आला. दहा वर्षे राबलेल्या स्वयंसेवकांपैकी कोणाची संमती त्यासाठी लागली नाही.

अपाची ही संस्था अगदी नामांकित होय. १९९९ साली अमेरिकेतील डेलावेअर राज्यात तिची नोंदणी झाली. धर्मादाय संस्था म्हणून तिला करसवलत आहे. तिच्या छत्राखाली शेकडो प्रकल्प चालतात. नवीन प्रकल्प आला की त्याला काही काळ उमेदवारी करावी लागते. त्याच्या संहितेचा हक्क निर्विवाद आहे का, निर्णय एकाच कंपनीची माणसे घेतात का, हे तपासले जाते आणि मगच त्याला पूर्ण दर्जा मिळतो. ओपनऑफिसला तो ऑक्टोबर २०१२ मध्ये मिळाला. कागदोपत्री पाहता याहून चांगले घर शोधूनही सापडले नसते.

पण घर मिळेपर्यंत माणसे निघून गेली होती. काम करणारे बहुसंख्य हात लिब्रेऑफिसकडे वळले होते. लिनक्सच्या प्रमुख संचांनीही २०११ पासून तेच देण्यास आरंभ केला होता. ओपनऑफिसची ४.१ ही आवृत्ती २०१४ साली निघाली. त्यानंतरच्या दशकभरात त्याच मालिकेतील किरकोळ दुरुस्त्यांपलीकडे फारसे काही आले नाही. प्रसिद्ध नाव एका घरी राहिले आणि माणसे दुसऱ्या घरी. जी गोष्ट २००० साली, सर्वांचे एकमेकांशी चांगले असताना, एका ठरावाने झाली असती, ती २०११ साली दोन उत्तम संस्था मिळूनही जुळवू शकल्या नाहीत. ओरॅकलला यात सारा दोष देणे योग्य होणार नाही. विकत घेतलेली वस्तू आपली समजणे हा कंपनीचा धर्मच आहे. ती वस्तू विक्रीच्या यादीत जाण्याजोग्या स्थितीत ठेवली गेली, हे मूळ दुखणे.

बर्लिनच्या घरातही सारे आलबेल राहिले असे मानण्याचे कारण नाही. २०२० च्या उन्हाळ्यात ७.० या आवृत्तीच्या पूर्वप्रतीवर 'वैयक्तिक आवृत्ती' अशी चिठ्ठी दिसू लागली. शाळा व कार्यालये यांनी विनामूल्य प्रत वापरू नये, असा तिचा अर्थ निघत होता. प्रत्यक्षात त्यामागे एक खरी अडचण होती. लिब्रेऑफिसवरील पुष्कळसे काम काही छोट्या कंपन्यांतील पगारी लोक करतात, आणि मोठी कार्यालये त्या कंपन्यांना काही न देता सॉफ्टवेअर वापरतात. मग पगार निघावे कोठून? सभासदांनी हरकती घेतल्या, वाद झाला, आणि ती चिठ्ठी मागे घेण्यात आली. पुढे २०२१ च्या आवृत्तीवर 'समुदाय' असा सौम्य शब्द आला. घटनेने वाद टाळला नाही. वाद कोठे मांडावयाचा आणि शेवटी निर्णय कोणी घ्यावयाचा, हे मात्र तिने ठरवून ठेवले होते.

बिऱ्हाडकरू आणि घरमालक

प्रत्येक प्रकल्पाला बर्लिनसारखे स्वतःचे घर बांधण्याची ऐपत नसते आणि गरजही नसते. पुष्कळ प्रकल्प मोठ्या संस्थेत बिऱ्हाड करतात. डेबियन हा लिनक्सचा संच १९९३ साली सुरू झाला. त्याच्यासाठी १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट' ही संस्था नोंदविण्यात आली आणि पुढे तिने इतर अनेक प्रकल्पांनाही आश्रय दिला. 'गिट' हे सॉफ्टवेअर आज जगातील बहुतेक सर्व आज्ञालेखक वापरतात. २०१० पासून ते न्यूयॉर्कमधील 'सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेत आहे. अशा व्यवस्थेत प्रकल्पाच्या नावे येणारी देणगी संस्था स्वीकारते, हिशेब व कर पाहते, व्यापारचिन्ह सांभाळते. त्याबद्दल देणगीतील ठरावीक हिस्सा घेते. पहिल्या संस्थेत हा हिस्सा शेकडा पाच, तर दुसरीत शेकडा दहा असा राहिलेला आहे. सॉफ्टवेअरमध्ये काय करावयाचे हे प्रकल्पाचे लोकच ठरवितात. न पटल्यास मालमत्तेसह दुसऱ्या धर्मादाय संस्थेकडे जाण्याची तरतूद करारात असते. ही शेवटची अट आहे की नाही, हे करारावर सही करण्यापूर्वी डोळ्यांत तेल घालून पाहावे.

अमेरिकेत आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे व्यापारी संघ. लिनक्स फाउंडेशन या प्रकारात मोडते. तेथे कंपन्या वर्गणी भरून सभासद होतात आणि वर्गणीच्या श्रेणीप्रमाणे त्यांना मंडळावर जागा मिळते. गूगलने २०१५ मध्ये 'कुबरनेटीस' हे आपले सॉफ्टवेअर अशाच एका उपसंस्थेच्या स्वाधीन केले. प्रतिस्पर्धी कंपन्यांना एका पंक्तीस बसवावयाचे असेल तर ही व्यवस्था चांगली चालते. गावोगावच्या स्वयंसेवकांना तेथे स्वतःचे पान वाढलेले दिसेलच असे नाही.

स्वतःची धर्मादाय संस्था काढून करसवलत मिळवू, असे म्हणणाऱ्यांनी योर्बा या अमेरिकन संस्थेचा अनुभव पाहावा. छायाचित्रे लावण्याचे व पत्रव्यवहाराचे मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या या संस्थेने २००९ च्या अखेरीस अर्ज केला. साडेचार वर्षांनी, मे २०१४ मध्ये, तो नामंजूर झाला. हे सॉफ्टवेअर कोणीही कोणत्याही कामासाठी वापरू शकतो, तेव्हा ते केवळ धर्मादाय कार्य कसे म्हणता येईल, असा करखात्याचा आक्षेप होता. सर्वांना खुले असणे हेच गुण म्हणून सांगावे आणि त्याच मुद्द्यावर अर्ज फेटाळला जावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आणि घरच न निवडल्यास काय होते? ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशीकॉर्प या कंपनीने 'टेराफॉर्म' या आपल्या लोकप्रिय सॉफ्टवेअरचा मुक्त परवाना बदलून बंधनकारक परवाना लावला. महिन्याभरात वापरणाऱ्यांनी त्याची जुनी प्रत घेऊन 'ओपनटोफू' या नव्या नावाने लिनक्स फाउंडेशनमध्ये वेगळी चूल मांडली. नाव पुन्हा मागेच राहिले.

आपल्या कायद्यांत

भारतात असा प्रकल्प उभा करणाऱ्यांपुढे तीन मार्ग असतात. १८६० च्या अधिनियमाखाली संस्था, विश्वस्तनिधी, किंवा २०१३ च्या कंपनी अधिनियमातील कलम ८ खालील ना-नफा कंपनी. महाराष्ट्रात पहिल्या दोन्ही मार्गांनी शेवटी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाकडे, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जावे लागते. शिक्षणसंस्था, वाचनालये व देवस्थाने यांच्या कारभाऱ्यांना ही वाट परिचित आहे. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत त्याचा अहवाल द्यावा लागतो, हेही ते जाणतात. अनेक संस्थांत वर्षानुवर्षे मयत विश्वस्तांचीच नावे नोंदवहीत असतात, हेही त्यांना सांगावयास नको.

या कायद्यात एक गोष्ट मात्र सॉफ्टवेअरच्या दृष्टीने अपुरी पडते. कलम ३६ प्रमाणे विश्वस्तांना संस्थेची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून विकता येत नाही, देता येत नाही. वाचनालयाची इमारत या कलमाने वाचते. पण सॉफ्टवेअर प्रकल्पाला इमारत नसते. त्याची खरी मिळकत म्हणजे नाव, व्यापारचिन्ह व संकेतस्थळाचा पत्ता. आणि ती स्थावर नव्हे. म्हणून बर्लिनमध्ये जे काम कायदा करतो, ते येथे संस्थेच्या घटनेला स्वतः करावे लागते. नाव हस्तांतरित करावयाचे तर किती बहुमत हवे, एका संस्थेची किंवा कंपनीची किती माणसे मंडळावर असू शकतात, संस्था मोडल्यास नाव कोणाकडे जाईल, हे स्पष्ट शब्दांत लिहून ठेवणे अगत्याचे आहे. छापील नमुना घटनेत ही कलमे सापडत नाहीत.

परदेशी देणगीचा प्रश्न याहून अवघड आहे. मुक्त स्रोताचे वापरणारे जगभर विखुरलेले असतात, तेव्हा देणगीदारही तसेच. २०१० च्या परदेशी अंशदान अधिनियमाखाली नोंदणी किंवा केंद्र शासनाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय संस्थेला परदेशातून एक रुपयाही घेता येत नाही. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे अस्तित्वात असावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. नागपूर किंवा कोल्हापूर येथे पाच-सात शिक्षकांनी मिळून मराठी शुद्धलेखन तपासणीचा खुला शब्दकोश केला आणि न्यू जर्सीतील एखाद्या मराठी मंडळाला त्यास मदत करावीशी वाटली, तर पहिली तीन वर्षे त्या मदतीला सरळ वाट नाही. अशा गटाने आरंभी परदेशातील वर उल्लेखिलेल्या एखाद्या छत्रसंस्थेत बिऱ्हाड करावे, की देशातील वर्गणीवर भागवून स्वतःची संस्था नोंदवावी, हे त्याला खर्च कशावर करावयाचा आहे त्यावरून ठरेल. सर्व काम घरबसल्या स्वयंसेवेने होणार असेल तर पैशाची घाई नाही.

नावाची घाई मात्र आहे, आणि तिला फारसा खर्च येत नाही. संकेतस्थळाचा पत्ता कोणाच्या नावे घेतला आहे आणि त्याच्या नूतनीकरणाची सूचना कोणाच्या व्यक्तिगत पत्त्यावर जाते, हे गटातील प्रत्येकास माहीत असावे. गुप्त संकेतशब्द किमान तिघांजवळ असावेत. आलेले काम स्वीकारावयाचे की नाही हे कोण ठरविणार, मतभेद झाल्यास मत कोणाला, आणि संस्था नोंदली जाईपर्यंत नाव कोणाच्या हाती केवळ विश्वस्त म्हणून राहील, हे एका पानाच्या ठरावात मावते. मुक्त स्रोताच्या अनेक प्रकल्पांत असा ठराव परवान्याच्या मजकुराशेजारीच, आज्ञासंहितेबरोबर ठेवण्याची पद्धत आहे. तेथे तो उद्या काम करावयास येणाऱ्या अनोळखी माणसालाही वाचावयास मिळतो.